चाळीसात एक हत्ती

एप्रिल लागला की आमच्या शाळेत ऊन आणि जप्ती बरोबरीने वाढत जातात. अभ्यासक्रम संपलेला असतो, परीक्षा अजून आठ दिवसांवर असते, शाळा सकाळची झालेली असते आणि सहावी-सातवीच्या पोरांच्या हातांना काही काम उरलेलं नसतं. मग बाकाखाली खेळ सुरू होतात. मधल्या वर्षांत भोवरे येऊन गेले, बोटावर फिरवायच्या चकत्या येऊन गेल्या, कसलेसे चिकट गोळे आले, त्यातले दोन अजून वर्गाच्या छताला आहेत. यंदा पुन्हा ते पत्ते आले. सहावी ब मध्ये तिसऱ्या बाकावरून मी एक चळत उचलली. वरच्या पत्त्यावर दात विचकलेला कोल्हा होता. मी तशीच जरा वेळ उभी राहिले, कारण त्या कोल्ह्याची नि माझी जुनी ओळख.

"बाई, फाडू नका," बाकावरची मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"फाडत नाही गं. एक मेला मिळतील."

हा आमच्या शाळेचा जुना नियम आहे. जप्त केलेली वस्तू पाकिटात घालायची, पाकिटावर नाव आणि तुकडी लिहायची, आणि एक मेला निकालाच्या दिवशी, पालकांच्या देखत, प्रगतिपुस्तकाबरोबर परत द्यायची. मी हा नियम वीस वर्षं पाळत आले आहे. एकदाच मोडला.

ज्यांच्या घरात या वयाची मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याही घरात नाहीत, पण ते पुढे येईलच. हे आपले बावन्न पानांचे पत्ते नव्हेत. दुकानात बंद पाकिटं मिळतात, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. पोरं ती फोडतात, अदलाबदल करतात, साठवतात, आणि साठ्यातून निवडून चाळीस पत्त्यांचा आपला संच बांधतात. त्याला डेक म्हणायचं. दोघांनी आपापला डेक घेऊन समोरासमोर बसायचं. प्रत्येकाचे जीव वीस. पहिल्या फेरीत तुमच्याकडे एक ताकद असते, दुसरीत दोन, तिसरीत तीन, अशी ती वाढत जाते. एक ताकदीचा कोल्हा पहिल्याच फेरीत मैदानात उतरतो. आठ ताकदीच्या जनावराला आठव्या फेरीपर्यंत हातात धरून बसावं लागतं. समोरच्याचे वीस जीव आधी संपवेल तो जिंकला. मला हे सगळं चाळिशीच्या तोंडावर शिकावं लागलं, तेही चोरून.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची शाळा त्या वर्षी कुठल्याशा परीक्षेचं केंद्र होती, आणि शिक्षकांनी आपापल्या टेबलांचे खण रिकामे करावेत अशी सूचना निघाली. माझ्या खणात जप्तीची अकरा पाकिटं होती. ती मी टॉवेलच्या एका रिकाम्या खोक्यात भरली आणि घरी आणली. बारा वाजता चालत आले. डांबर चपलेला चिकटत होतं. दारात पोचले तेव्हा माझ्यात भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं, खोकं दिवाणावर टाकलं आणि कुलरसमोर जमिनीवरच बसले.

दत्ता घरी होता. दत्ता म्हणजे माझा नवरा. बोलताना मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना दत्ता. निदान कागदावर तरी आम्ही बरोबरीचे असावं. मोहोळकडच्या एका साखर कारखान्यात तो केमिस्ट आहे. गाळप चालू असेपर्यंत त्याचा मुक्काम कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, आठवड्यातून एकदा घरी, तेही अंगाला मळीचा वास घेऊन. मार्चअखेर गाळप संपतं, आणि एप्रिलमध्ये हा माणूस दिवसभर घरात, करायला काही नाही, तासातासाला रस तपासायची सवय मात्र अंगात भिनलेली. मग तो माझी भाजी तपासतो, दूध तपासतो, कुलरमधलं पाणी किती उतरलं ते काठीने मोजतो. त्या दुपारी त्याने खोकं तपासलं. मी डोळे उघडले तेव्हा अकराच्या अकरा पाकिटं फोडून चादरीवर एकच ढीग घातलेला होता.

"अहो! कुणाचे कुठले ते कसं कळणार आता?"

त्याने ढिगाकडे पाहिलं, पाकिटांकडे पाहिलं. "नमुने मिसळले म्हनायचे," तो म्हणाला. आणि मग, जे झालं ते झालंच म्हणून, त्यातला सूचनांचा कागद काढून वाचायला बसला.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत आम्हाला कसल्याही ढिगाची गरजच होती. घरात एक फोन करायचा राहिला होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यातली सात दवाखान्यांत गेली होती. आधी सोलापुरात, मग पुण्यात. पहाटेची गाडी, इंजेक्शनांची बर्फातली पिशवी, परतताना भिगवणच्या आसपास दोघांचंही बोलणं संपणं, हे सगळं पाठ झालं होतं. टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न वाया गेले होते, दुसरा त्याच जानेवारीत. पुण्याच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या होत्या, "तिसरा प्रयत्न जूनमध्ये करता येईल, पण एप्रिलअखेर मला कळवा. त्यानंतर मी स्वतःहून तुम्हाला सुचवणार नाही." म्हणजे ठरवायचं एवढंच होतं, अजून एकदा की आता बास. नंबर त्याच्या मोबाईलमध्ये होता, माझ्याही होता. आम्ही दोघं सकाळी चहा पिताना उन्हावर बोलायचो, दुपारी नळाच्या पाण्यावर, संध्याकाळी पुन्हा उन्हावर.

तर पत्ते. दत्ताने दोन दिवस नुसता अभ्यास केला. कारखान्याची एक जुनी लॅबवही काढली, समासात रेघा मारल्या, प्रत्येक पत्त्याची ताकद आणि घाव उतरवून घेतला. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मला समोर बसवून म्हणाला, "ह्यात दोन तऱ्हा हायत बघ. एक म्हंजे भिंत बांधून बसायचं. कासवं, दगडं, असलं कायतरी म्होरं ठेवायचं आणि आपलं मोठं जनावर उतरंपतूर तग धरायचा. दुसरी म्हंजे पहिल्या फेरीपास्नं अंगावर जायचं. समोरचा जागा व्हायच्या आत त्येचे वीस जीव संपवायचे."

"पोरं त्याला अटॅकवाला डेक म्हणतात," मी म्हटलं. वर्गात कानावर पडलं होतं.

"त्योच. दिसायला सोपा हाय, बांधायला लई अवघड."

अवघड का, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. आक्रमक डेक बांधायचा म्हणजे चांगले पत्ते गोळा करायचे असं मला वाटलं होतं. ते काम तर कुणीही करेल. खरं काम काढून टाकण्याचं आहे. दत्ता एकेक पत्ता उचलायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "हे पान पहिल्या तीन फेऱ्यांत उपेगाला येतंय का?" येत नसेल तर बाहेर. मग तो कितीही देखणा असो, कितीही बलवान असो. शेवटी उरलं काय, तर एक ताकदीची चौदा चिल्लर जनावरं, कोल्हे, मुंगसं, रानमांजरं, दोन ताकदीची बारा, तीनची सहा, आणि थेट समोरच्याच्या अंगावर टाकायच्या आठ ठिणग्या. झाले चाळीस. एकही पत्ता असा नाही की ज्याची भिंतीवर चौकट लावावी. पण पाचव्या फेरीच्या आत डाव संपवायची हिंमत त्यांच्यात होती.

"आणि सहावी फेरी आली तर?" मी विचारलं.

"तर आपन मेलो समज. लांबू द्यायचाच न्हाय, म्हनून तर एवडा खटाटोप."

बाकीच्या पत्त्यांचा, म्हणजे कासवांचा आणि भिंतींचा, एक दुसरा डेक त्याने स्वतःसाठी बांधला. वेगाचा मला दिला. मी मैदानात उतरायचं, त्याने अडवायचं, आणि वहीत लिहायचं.

मी हरत होते. सलग नऊ दिवस. डेकचा दोष नव्हता, माझा होता. माझा स्वभाव 'असू दे'चा. माझ्या स्वयंपाकघरात श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत, मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या आहेत, एका बरणीत संपलेल्या रिफिली आहेत, त्या का आहेत ते मलाही सांगता येणार नाही. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं एक दुपटं आहे. हिरव्या काठाचं, एका मुलापुरतं. पहिल्यांदा दवाखान्यात जायला लागलो त्या वर्षी त्यांनी ते गावाकडून पाठवलं होतं. ते कुणाला देऊन टाकावं असं मला कधी वाटलं नाही, आणि बाहेर काढून बघावं असंही नाही. असू दे.

अशा बाईच्या हातात आक्रमक डेक म्हणजे पंचाईतच. मी कोल्हा उतरवायची, आणि अंगावर सोडायचा सोडून जवळ राखून ठेवायची. उगाच मेला तर? ठिणग्या तर मी साठवायचीच. दत्ता कपाळाला हात लावायचा. "अगं, त्यो कोल्हा घरात बसून काय अंडी घालनार हाय का? सोड की त्येला!" डाव संपला की तो माझ्या हातातले पत्ते उलटून दाखवायचा. तीन, कधी चार उरलेले असायचे. "हे बघ. हे वापरले असते तर जिंकली असतीस. हात रिकामा झाला पायजे, बाई." मी शाळेत ज्या सुरात मुलांना समजावते त्याच सुरात तो मला समजवायचा, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

त्यात हत्ती. त्या ढिगात एक सोनेरी हत्ती होता, हलवला की चमकायचा, सोंडेत अख्खं झाड. ताकद आठ, घाव आठाचा. दत्ताने तो पहिल्या दिवशीच बाहेर काढला होता. मी रोज एक ठिणगी गुपचूप बाजूला करायची आणि हत्ती डेकमध्ये सरकवायची. तो पत्ते मोजायचा तर चाळीसच भरायचे, म्हणून त्याला आधी कळायचं नाही. मग डावात माझा चेहरा बघून कळायचं.

"घातलास न्हवं पुन्ना हत्ती?"

"चाळीसात एक असला तर काय बिघडलं? लांबलाच डाव तर..."

"चाळीसातला त्यो एकच तुज्या हातात येतो आणि तू त्येच्याकडं बघत बसतीस. बाकीचा डाव तुला दिसतच न्हाय."

खरं होतं ते. पाच पत्त्यांचा पहिला हात आवडला नाही तर एकदा बदलून घेता येतो, असा नियम आहे. हत्ती हातात आला की हात बदलायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी कधी बदलला नाही.

एकदा मात्र तो उतरला. सगळ्या एप्रिलमध्ये एकदाच. डाव लांबत लांबत आठव्या फेरीपर्यंत गेला, मधे पाण्याचा दिवस म्हणून गल्लीत 'पाणी आलं' असा पुकारा झाला, आम्ही दोघंही पत्ते टाकून पळालो, टाकी, पिंप, कळशा, शेवटी डब्यांची झाकणंसुद्धा भरली, आणि ओल्या हातांनी परत येऊन बसलो. कुलरच्या वाऱ्याने त्याची दोन कासवं दिवाणाखाली गेली होती. त्यावरून थोडी वादावादी झाली. मग मी हत्ती उतरवला आणि जिंकले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. पत्ते गोळा करताना त्याचा हात उलटा पडला, आणि मला दिसलं की मला संपवणारं पान त्याच्याकडे होतं. दोन फेऱ्या आधीपासून होतं.

"खोटं खोटं जिंकवायचं नाही मला," मी चिडून म्हटलं. "मी काय लहान आहे?"

"तसं न्हाय गं," तो पत्त्यांची चळत ठोकून सारखी करत म्हणाला. "मला बी बघायचा व्हता, कसा उतरतो त्यो."

मी ते सोडून दिलं. आज लिहिताना हात थांबतो, तेव्हा थांबला नाही.

मी मराठी शिकवते. रूपकं शोधायची खोड असते आमच्या जमातीला, आणि निबंध तपासून तपासून मला तिचा कंटाळा आलेला आहे. म्हणून सांगते, तेव्हा मी पत्त्यांत कसलाही अर्थ वगैरे शोधत नव्हते. मला फक्त एक गोष्ट कळली आणि ती अगदी अंगाला कळली. दहाव्या दिवशी मी पहिल्यांदा सगळं सोडून दिलं, कोल्हे, मांजरं, ठिणग्या, काही राखलं नाही, आणि पाचव्या फेरीत जिंकले. हात रिकामा होता. त्या रिकाम्या हाताने मला जे बरं वाटलं, तसं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सात वर्षं मी वाट बघत आले होते. तारखेची, रिपोर्टची, नर्सच्या फोनची, चौदाव्या दिवसाची. शरीराने वाट बघायची, मनाने बघायची, आणि चेहऱ्याने बघत नाही असं दाखवायचं. इथे पंधरा मिनिटांत निकाल लागत होता. हरले तरी हरले म्हणून उठता येत होतं, चहा टाकता येत होता. मी किती दमले आहे, हे मला त्या दुपारी जिंकल्यावर कळलं.

आत्ता माझ्या समोर सहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. निबंध आहे 'माझा आवडता ऋतू'. आतापर्यंत तपासलेल्या सगळ्यांनी पावसाळा लिहिलाय, सगळ्यांच्या पावसाळ्यात मोर नाचतोय. सोलापुरात राहून मोर कुणी कुठे पाहिला ते विचारायची सोय नाही. उन्हाळा एकानेही लिहिला नाही. मीही लिहिला नसता शाळेत असताना. घामाने पेन निसटतं, बोटांना लाल शाई लागते, कुलर नुसता दमट वारा फेकतो. पण आवडता म्हणून नव्हे, नुसता आठवणीतला ऋतू लिहा असं कुणी म्हटलं तर माझा तो एकच एप्रिल आहे.

त्या एप्रिलचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी निकाल, म्हणजे पत्ते परत द्यायचे. आणि तोच दिवस पुण्याला फोन करायचा. सकाळी सासूबाईंचा फोन आला होता. त्या कधी टोचून बोलल्या नाहीत, तेवढं त्यांचं मानलंच पाहिजे. म्हणाल्या, "काय ठरलं का गं? न्हाय, मला काय घाई न्हाय. तुमी दोगं बरी ऱ्हावा म्हंजे झालं." मी म्हटलं, सांगते संध्याकाळी.

दुपारी डेक मी बांधला. दत्ता आंघोळ करून आला, सवयीने पत्ते मोजले, चाळीस. मग एकेक उलटून बघितला. ठिणग्या आठच्या आठ होत्या.

"हत्ती कुटं हाय?"

"काढला."

"आँ? मी सांगून सांगून थकलो तवा न्हाय काढलास."

"आज काढला." मी पाच पत्ते घेतले, त्याला पाच दिले. माझ्या आवाजाला काही होऊ नये म्हणून मी पत्त्यांकडेच बघत होते. "अहो, पुण्याला फोन करायचा नाही. मला आता नको आहे. मी दमलेय. मला यापुढे कशाचीही वाट बघायची नाही."

दत्ता हातातल्या पाच पत्त्यांकडे बराच वेळ बघत बसला, जसे काही त्यातून एक निवडायचा आहे. मग म्हणाला, "बरं."

मग तो उठला, बादली उचलली, पिंपातलं पाणी भरून घेतलं आणि कुलरमध्ये ओतलं. कुलर सकाळीच काठोकाठ भरलेला होता. त्यानेच भरला होता. सगळं पाणी बाहेर आलं, फरशीवरून वाहत चादरीच्या कडेपर्यंत आलं. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. जो माणूस काठीने पाणी मोजतो, त्याने अख्खी बादली जमिनीवर घातली आणि त्याच्या लक्षात आलं नाही. मी फडकं आणलं, दोघांनी मिळून पुसलं. 'मलाही तेच वाटत होतं' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला नाही, मी विचारलं नाही. मी समजून घेतलं की तोही सुटला.

मग आम्ही डाव पुरा केला. मी चौथ्या फेरीत जिंकले. तेवढ्या लवकर कधीच जिंकले नव्हते. दत्ताने वहीत लिहिलं आणि वही मिटली. संध्याकाळी सासूबाईंना त्यानेच फोन केला, गॅलरीत जाऊन.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल झाला. मी खोकं टेबलावर ठेवलं आणि अकरा मुलांना बोलावलं. मला धाकधूक होती. पाकिटं रिकामी, पत्ते एकत्र, आता आरडाओरडा होणार, पालक विचारणार. तसं काहीच झालं नाही. पोरांनी खोक्यात हात घातले आणि पाच मिनिटांत आपापले पत्ते वेगळे केले. एकसारखे दिसणारे सहा कोल्हे होते, पण हा माझा, त्याचा कोपरा दुमडलेला, तो तिचा, त्यावर भज्याचा डाग. एकाही पत्त्यावरून भांडण झालं नाही. ज्याचं त्याने बरोबर ओळखलं. मी बाजूला उभी राहून ते बघत होते, आणि कौतुकाने हसताना मला एकदम खाली बसावंसं वाटलं.

शेवटी श्रावणी राहिली. सातवी अ, विणकराच्या घरची, घरात तेलुगू आणि माझ्याशी बोलताना फार शुद्ध मराठी. तिने आपले पत्ते बोटांनी सरसर चाळले आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, तुम्ही खेळलात?"

शिक्षकाने खोटं बोलू नये म्हणतात. "हो," मी म्हटलं. "कसं ओळखलंस?"

"वर एकवाली आहेत, मग दोनवाली, मग तीनवाली. तुम्ही अटॅकवाला बांधला होता." ती खूश झाली होती. मग तिने सोनेरी हत्ती वेगळा काढला, उन्हात धरून एकदा चमकवला आणि माझ्या प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "हा तुम्हाला. माझ्याकडे दुसरा आहे. बाई, हा खेळात लागत नाही. आठ येईपर्यंत डाव संपतो. पण छान दिसतो ना?"

"दिसतो गं," मी म्हटलं.

नको म्हणायला हवं होतं. मुलांकडून काही घ्यायचं नसतं, हाही नियमच. घरी आले तेव्हा दत्ता गावाकडे गेला होता. मी लोखंडी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातलं दुपटं काढलं, त्याच्या घडीत तो पत्ता ठेवला आणि कपाट लावलं. कुणाला सांगितलं नाही. मीही ते दुपटं पुन्हा उघडलं नाही.

त्यानंतर चार वर्षं झाली. आम्ही वाईट राहिलो नाही, हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं. दत्ताचं गाळप चालू असतं, माझी शाळा. मी खरोखर सुटले. ज्या दिवसांना तारखा नसतात अशा दिवसांची मला सवय झाली, आणि ते मला आवडतात. त्याचं काय, ते मी विचारायचं ठरवलं की मधे काहीतरी निघायचं, पाण्याचा दिवस, पाहुणे, गॅस. आणि त्याचं ते 'बरं' माझ्यापाशी होतंच.

यंदा आमची शाळा कसल्याही परीक्षेचं केंद्र नाही. खण रिकामे करायची सूचना नाही. तरी मी जप्तीची सात पाकिटं घरी आणली. यंदा गाळप लांबलं, मागच्या आठवड्यात कारखाना बंद झाला, दत्ता आला. खोकं बघितलं आणि आत जाऊन ती लॅबवही घेऊन आला. ती त्याला लगेच सापडली, याचं मला जरा नवल वाटलं. केस पांढरे झालेत त्याचे कानांवर, चष्मा बदललाय. या वेळी त्याने पाकिटं एकेक करून फोडली, प्रत्येकाच्या पत्त्यांना पेन्सिलीने खूण केली.

आज दुपारी जेवणं झाल्यावर त्याने चादर घातली. डेक त्यानेच बांधला होता, माझ्यासाठी वेगाचा, स्वतःसाठी कासवांचा. मी उत्तरपत्रिका सरकवल्या, पाच पत्ते उचलले. कोल्हा. मुंगूस. ठिणगी. कोल्हा. आणि हत्ती.

मला वाटलं, यंदाच्या कुणा पोराचा असेल. पण पेन्सिलीची खूण नव्हती, आणि पत्त्याला कपाटातल्या डांबरगोळीचा वास येत होता.

तो ते दुपटं उघडतो, हे मला माहीत नव्हतं. कधीपासून उघडतो, एकटा असताना किती वेळा, गाळपाच्या दिवसांत आठवड्याच्या सुट्टीला आला की का, काही माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्याचं 'बरं' चुकीचं वाचलं होतं. त्याला अजून एकदा जायचं होतं. मी दमले म्हणाले म्हणून त्याने ते बादलीभर पाण्याबरोबर ओतून टाकलं होतं.

"अहो," मी म्हटलं. "हत्ती आहे यात."

तो आपल्या पत्त्यांतून वर बघेना. "असू दे की," तो म्हणाला. "चाळीसात एक." मग जरा थांबून, "हात बदलायचा असंल तर बदल."

"नको," मी म्हटलं.

सहाव्या फेरीत मी हरले. हत्ती शेवटपर्यंत माझ्या हातात होता. दत्ताने पत्ते गोळा केले, पिसले, आणि पुढचा डाव वाटला. हत्ती त्याने काढला नाही.